दिवस राहत नाहीत: माहिती कुठून घ्यायची आणि डॉक्टरांशी काय बोलायचं

प्रश्न असा आला आहे: "मी 31 वर्षांची, मिस्टर 34. राहायला सिंहगड रोडला, दोघंही नोकरी करतो. दीड वर्ष झालं चान्स घेतोय, पण दिवस राहत नाहीत. यूट्यूब, इन्स्टाग्राम, दोन व्हॉट्सॲप ग्रुप, मावससासूबाई, ऑफिसमधली मैत्रीण, सगळीकडून माहिती घेऊन झाली आणि आता डोकं बधिर झालंय. लॅबच्या पॅकेजमध्ये एएमएच केली, ती 1.3 आली. एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत 'आयव्हीएफचा विचार करा' असं सांगितलं, माझे प्रश्न तसेच राहिले. विश्वास कुणावर ठेवायचा? आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमकं काय विचारायचं?"

तुमच्या एवढ्या सविस्तर प्रश्नात मिस्टरांच्या वीर्यतपासणीचा उल्लेख कुठेच नाही. ती झाली असेल आणि लिहायची राहिली असेल तर उत्तमच. पण पुण्यात इतकी वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून ओपीडीत बसल्यावर मला ठाऊक आहे, की बहुतेक वेळा ती झालेलीच नसते. बाईच्या तीन-तीन सोनोग्राफ्या झालेल्या असतात, हॉर्मोन्सच्या रिपोर्टची जाड फाइल असते आणि नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीला. तरीही रील्स, ग्रुप, मावश्या, आत्या, लॅबचे फोन, सगळे बोलतात ते बाईशी. त्यामुळे माहितीचा ढीग तिच्याकडे साचतो आणि तपासणीही तिचीच होत राहते. तुमची पहिली पायरी म्हणून मी मिस्टरांची वीर्यतपासणीच सांगेन, आणि पुढे तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं बोलू. नियमित संबंध असताना, कुठलंही साधन न वापरता बारा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर तपासणी सुरू करावी असा जगभरचा संकेत आहे. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं, चाळिशीच्या आसपास असेल तर थांबूच नये. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पूर्वी बीजकोषाचं ऑपरेशन, पोटाचा टीबी किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) झालेला असेल, नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील, तर वर्षभर वाट पाहण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावं लागतं. तेव्हा तुमच्या सोसायटीत, तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर आणखी कुणीतरी नक्की आहे. ते बोलत नाहीत, एवढंच. दीड वर्षानंतर तपासणी करणं योग्यच आहे. पण तपासणीची वेळ झाली याचा अर्थ आयव्हीएफची, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र करून गर्भ आत सोडण्याची, वेळ झाली असा होत नाही, आणि तुमच्या बाबतीत या दोन गोष्टी एकाच दहा मिनिटांत मिसळल्या गेल्या, असं मला वाटतं.

एएमएचबद्दल, कारण तुमची झोप त्या आकड्याने उडवली असणार. ही तपासणी बीजकोषात बीजांचा साठा साधारण किती शिल्लक आहे याचा अंदाज देते आणि आयव्हीएफची इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील हे ठरवायला आम्हाला तिचा उपयोग होतो. या महिन्यात तुम्हाला नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे ती सांगत नाही. 2017 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्या आणि नॉर्मल असलेल्या स्त्रियांना दिवस राहण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. महिन्याला बीज एकच लागतं. साठ्यापेक्षा बीजाचा दर्जा महत्त्वाचा आणि तो मुख्यतः वयाशी बांधलेला आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही तपासणी केली तर आकडा कमी येऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. 31 व्या वर्षी 1.3 हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी बाजूला आहे. त्याचा अर्थ मी एवढाच घेईन, की आता दोन-तीन वर्षं नुसती घालवू नका आणि दुसरं मूल हवं असेल तर तेही नियोजनात धरा. निव्वळ या आकड्यावरून आयव्हीएफ ठरवायचं नसतं.

आता माहितीच्या वाटांबद्दल.

घरातल्या बायकांपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे पहिला सल्ला तिथूनच येतो. सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू काळजीपोटीच सांगतात, हे मी मनापासून मान्य करते. संबंधानंतर कमरेखाली उशी घेऊन अर्धा तास पडून राहा, पपई खाऊ नको, गाडी चालवू नको, असं बरंच. यातल्या बहुतेक गोष्टींनी ना फायदा होतो ना तोटा, करायच्या तर करा. जेजुरीला नवस बोललात तर त्यावर माझं काहीच म्हणणं नाही, श्रद्धेने माणसाला बळ मिळतं आणि ते या काळात लागतं. वैद्यांकडे जात असाल तरी जा, फक्त काय घेताय ते मला सांगा. काही रसौषधींमध्ये पारा, शिसं यांसारखे धातू असतात, आणि गर्भ राहण्याच्या काळात पोटात नेमकं काय जातंय हे माहीत असणं गरजेचं आहे. एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे: 'मुलगा होण्याचं औषध'. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांमध्ये हॉर्मोन्ससारखे घटक सापडले आणि ती घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये जन्मजात दोषांशी त्यांचा संबंध दिसून आला. कितीही जवळच्या माणसाने पुडी आणून दिली तरी घेऊ नका.

औषधाच्या दुकानातून पाळी आणायच्या गोळ्या किंवा 'बीज मोठं करायच्या' गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नका. बीज वाढवणाऱ्या गोळ्या सोनोग्राफीच्या देखरेखीशिवाय घेतल्या तर बीज खरंच तयार झालं का हेच कळत नाही, आणि कधी एकाऐवजी तीन बीजं तयार होतात.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल थोडं जास्त बोलते. ग्रुप सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. एचएसजी, म्हणजे नळ्यांची तपासणी, करताना किती दुखतं, आधी कुठली गोळी घ्यावी, फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीजाची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफीसाठी, रोज सकाळी ऑफिसला उशीर होतो तर मॅनेजरला काय सांगायचं, हळदीकुंकवाला 'गोड बातमी कधी' असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे तिथल्या बायका जेवढं चांगलं सांगतात तेवढं मला सांगता येत नाही. रात्री दीड वाजता पाळी आली म्हणून रडू आलं, तर तिथे कुणीतरी जागं असतं. त्या सोबतीची किंमत मोठी आहे. पण एक पाहा. जिचे उपचार यशस्वी झाले ती पेढ्यांचा फोटो टाकते, डॉक्टरांचं नाव लिहिते, औषधांची यादी टाकते. जिचे तीन प्रयत्न फसले ती एक दिवस न सांगता ग्रुपमधून बाहेर पडते, आणि तिचा अनुभव तिच्याबरोबर जातो. उरलेल्या बायकांना वाटतं, की ते डॉक्टर आणि ती औषधं घेतली की होतंच. म्हणून ग्रुपवरून अनुभव घ्या, धीर घ्या, पण औषधाचं नाव आणि डोस घेऊ नका. पीसीओएस (हॉर्मोन्स बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा आजार) असलेल्या बाईची गोळी आणि एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईची गोळी एक नसते, आणि मेसेज टाकणारीला स्वतःचं निदान पुरतं माहीत असतंच असं नाही.

रील्स आणि हायवेवरचे बोर्ड. 'यशाचं प्रमाण 80 टक्के' हे वाक्य तुम्ही पाहिलं असेल. कशाचे 80 टक्के? यूपीटी, म्हणजे लघवीची गर्भचाचणी, पॉझिटिव्ह येण्याचे, सोनोग्राफीत ठोके दिसण्याचे, की बाळ घरी नेण्याचे? गर्भ आत सोडला त्या बायकांपैकी, की इंजेक्शनं सुरू केली त्या सगळ्यांपैकी? कुठल्या वयाच्या? डोनर बीजाच्या केसेस धरून की सोडून? एवढ्या प्रश्नांनंतर तोच आकडा बराच खाली येऊ शकतो. ब्रिटनमध्ये एचएफईए ही नियामक संस्था प्रत्येक केंद्राचे आकडे लोकांसाठी जाहीर करते. आपल्याकडे पेशंटला घरबसल्या तशी तुलना करता येत नाही, म्हणून हे प्रश्न तुम्हालाच तोंडाने विचारावे लागतात. गुगलवर शोधल्यावर वर येणाऱ्या पहिल्या काही ओळी बऱ्याचदा पैसे देऊन टाकलेल्या असतात, 'प्रायोजित' हा बारीक शब्द पाहायची सवय लावा.

ॲपचं दुखणं वेगळं. बरीचशी ॲप मागच्या तारखांवरून गणित मांडून 'आज बीज फुटणार' असं सांगतात. ज्यांची पाळी 28 दिवसांनी घड्याळासारखी येते त्यांना ते चालून जातं, 35 किंवा 40 दिवसांनी येते त्यांना नाही. 1995 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या, 221 स्त्रियांवरच्या अभ्यासाने दाखवलं, की गर्भ राहण्याचे दिवस सहा असतात: बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून ॲपने सांगितलेली एकच रात्र पकडून बसण्यापेक्षा पाळी संपल्यावर एक-दोन दिवसांआड संबंध ठेवणं जास्त फायद्याचं. त्या एका रात्रीच्या ताणाने कितीतरी नवऱ्यांना नेमकं तेव्हाच जमत नाही आणि घरात वाद होतात. लघवीतून एलएच, म्हणजे बीज फुटण्याआधी वाढणारं हॉर्मोन, तपासायच्या पट्ट्याही उपयोगी आहेत, पण पीसीओएस असेल तर त्या चुकीचं पॉझिटिव्ह दाखवू शकतात.

हल्ली पेशंट रिपोर्ट एआयला दाखवून येतात. शब्दांचा अर्थ समजून घ्यायला ते चांगलं साधन आहे. पण तुम्ही जे टाइप केलं नाही ते त्याला माहीत नसतं, आणि आमच्या विषयात न सांगितलेल्या गोष्टीच बऱ्याचदा निर्णायक ठरतात. वाचायचंच असेल तर ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची आणि एचएफईएची पेशंटसाठी लिहिलेली पानं, तसंच जागतिक आरोग्य संघटनेचं पान वाचा. तिथे कुणी तुम्हाला काही विकत नाही. अशी नेटकी, विश्वासाची माहिती मराठीत फार कमी आहे आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या भाषेत हे बोलण्याची परंपरा नव्हती असं नाही. कर्वे रस्त्याला ज्यांचं नाव आहे त्या महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 साली जाईपर्यंत ते चालवलं. लोक त्यांना लैंगिक प्रश्न पत्राने विचारत आणि ते छापून उत्तरं देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आज खटला होणार नाही, तरी माझ्यासमोर बसलेली शिकलेली, कमावती माणसं तेच प्रश्न विचारताना खाली मान घालतात.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. विश्वास कुणावर ठेवायचा, याचं माझं उत्तर असं: तुम्ही गोळा केलेली माहिती बरीचशी बरोबरही असेल, पण ती तुमच्या फाइलशी जोडलेली नाही. ती जोडायचं काम तपासणीच्या खोलीतच होतं, आणि त्यासाठी दोन गोष्टी आत आणाव्या लागतात. तुम्ही काय वाचलंय ते, आणि तुम्ही काय लपवलंय ते.

दुसऱ्या गोष्टीचा एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वाकडचं जोडपं, दोन ठिकाणी फिरून आलेलं. वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य. डोनरचे शुक्राणू वापरण्यापर्यंत बोलणं गेलं होतं. सगळं ती बोलत होती, तो मोबाइलकडे बघत बसला होता. तिला सोनोग्राफीसाठी सिस्टरबरोबर शेजारच्या खोलीत पाठवलं आणि त्याला विचारलं, "जिमला जाता?"

"हो मॅडम, चार वर्षं झाली."

"प्रोटीन पावडर?"

"हो."

"आणि इंजेक्शनं?"

तो दाराकडे बघून हळूच म्हणाला, "ट्रेनर देतो. टेस्टोस्टेरॉन. हिला माहीत नाही." मग स्वतःच म्हणाला, "मी गुगलवर वाचलं होतं मॅडम, त्याने काऊंट जातो म्हणून. पण विचारायचं धाडस झालं नाही."

बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं, की मेंदूला वाटतं शरीरात ते भरपूर आहे. तो अंडकोषांना संदेश देणं बंद करतो आणि शुक्राणू तयार होणं थांबतं. शरीर पिळदार दिसतं आणि रिपोर्टमध्ये शून्य येतं. इंजेक्शनं बंद करून त्याला एंड्रोलॉजिस्टकडे, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाच्या तज्ज्ञाकडे, पाठवलं, काही महिन्यांनी रिपोर्टमध्ये शुक्राणू दिसायला लागले. योग्य माहिती त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये होती. ती आधीच्या दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचली नव्हती.

अशा न सांगितलेल्या गोष्टी बऱ्याच असतात. लग्नाआधीचा गर्भपात. कॉलेजात असताना घेतलेलं टीबीचं औषध. संबंध होतच नाहीत, किंवा दुखतं म्हणून अर्धवट राहतात. नवरा बंगळुरूला आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवारच भेट. रात्रपाळी. दुसरीकडे झालेल्या दोन आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याचे उपचार. आम्ही विचारतो, पण शेजारच्या खुर्चीत सासूबाई किंवा आई बसलेल्या असतील तर खरं उत्तर येत नाही. तेव्हा सरळ म्हणा, "डॉक्टर, मला पाच मिनिटं एकटीला बोलायचं आहे." कुठल्याही चांगल्या डॉक्टरला यात वावगं वाटणार नाही. तुम्ही सांगितलेलं गुपित ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे, नवऱ्यापासूनसुद्धा. गर्भपाताच्या बाबतीत तर 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच तशी तरतूद आहे.

आता वीर्यतपासणीचं, कारण ती नीट न केल्यामुळे होणारे घोळ मी नेहमी पाहते. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. डबी लॅबमधूनच घ्यायची, घरातली औषधाची बाटली किंवा साधा कंडोम चालत नाही. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचला पाहिजे आणि तोवर अंगाच्या उबेला, शर्टाच्या आतल्या खिशात राहिला पाहिजे, गाडीच्या डिकीत नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, तेव्हा लॅबमध्येच द्यावा हे उत्तम. वेगळी खोली आहे का ते आधी फोनवर विचारा, टॉयलेटमध्ये उभं राहून नमुना देणं बऱ्याच पुरुषांना जमत नाही. थोडा सांडला तर लाजू नका, लॅबला सांगा, कारण पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात. रिपोर्ट वाचताना एका ओळीपाशी पुरुष हमखास घाबरतात: 'नॉर्मल आकार 4 टक्के'. म्हणजे 96 टक्के खराब? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीत 4 टक्के हीच खालची मर्यादा आहे. संख्येची मर्यादा मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख, हालचालीची 42 टक्के. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून या मर्यादा काढल्या आहेत, त्यामुळे थोडं खाली असणं म्हणजे 'होणारच नाही' असं नाही. रिपोर्ट खराब आला तर पुन्हा करायचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून मागच्या महिन्यातल्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना फाइलच्या वर एक कागद ठेवा, हाताने लिहिलेला चालेल. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, किती दिवस रक्तस्राव, किती दुखतं. किती महिने प्रयत्न, संबंध साधारण आठवड्यातून किती वेळा. दोघांचे जुने आजार, ऑपरेशनं, चालू औषधं, त्यात काढा आणि पावडरसुद्धा. तंबाखू, सिगारेट, दारू. झालेले उपचार आणि त्यांचे निकाल. खाली तुमचे तीन प्रश्न, तीनच. गर्दीच्या ओपीडीत वीस मिनिटं माहिती काढण्यात जातात आणि बोलायला वेळ उरत नाही. हा कागद असला की ती मिनिटं तुमच्या वाट्याला येतात. मिस्टरांना बरोबर न्या, आणि एकाने लिहून घ्या. घाबरलेल्या माणसाला घरी जाईपर्यंत अर्धं आठवत नाही.

विचारायचं काय? मी पेशंट असते तर सगळ्यात आधी हे विचारलं असतं: "आमच्या नेमक्या कोणत्या रिपोर्टमुळे तुम्ही हा उपाय सुचवताय?" उत्तर 'दोन्ही नळ्या बंद आहेत' किंवा 'काऊंट फारच कमी आहे' असं असेल तर आयव्हीएफचा सल्ला समजण्यासारखा आहे. उत्तर नुसतं 'एएमएच कमी आहे, वेळ घालवू नका' असं असेल, आणि नळ्या आणि वीर्य तपासलेच नसतील, तर थांबा. मग विचारा, "तीन महिने थांबलो तर काय बिघडेल?" 41 व्या वर्षी बरंच बिघडू शकतं, 31 व्या वर्षी सहसा नाही. "हा उपाय किती वेळा करायचा आणि नाही जमलं तर पुढे काय?" हे विचारलंत म्हणजे एकामागून एक आययूआय होत राहून वर्ष जाण्याचा धोका टळतो. खर्चाचं विचारायला संकोचू नका. पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भूल, गर्भ गोठवणं आणि नंतरचं ट्रान्सफर धरलंय का, ते लिहून घ्या. पुण्यात एक आयव्हीएफ सायकल दीड-दोन लाखांच्या पुढे सहज जाते आणि बहुतेक विमा पॉलिसी हा खर्च देत नाहीत.

वाचलेलं कसं काढायचं? "मॅडम, गुगल म्हणतंय की" अशी सुरुवात झाली की काही डॉक्टर आक्रसतात, हे खरं आहे. त्यापेक्षा स्क्रीनशॉट पुढे करा आणि म्हणा, "हे वाचून मला भीती वाटली. हे मला लागू आहे का?" या प्रश्नाला उत्तर देणं डॉक्टरलाही सोपं जातं. एवढं विचारूनही कुणी चिडलं, तर डॉक्टर बदलायला हरकत नाही. हे उपचार महिनोन्महिने चालतात, जिथे प्रश्न विचारता येत नाही तिथे ते निभणार नाहीत. दुसरं मत घ्यायचं असेल तर कागदपत्रं मागा. रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेचा 2002 पासूनचा नियम आहे.

काही जादा गोष्टी सुचवल्या जातील: गर्भाशयाचं अस्तर खरवडणं, वेगवेगळी 'इम्युनिटी' इंजेक्शनं, महागड्या जनुकीय तपासण्या. यातल्या बऱ्याच गोष्टींनी बाळ होण्याचं प्रमाण वाढतं असा भक्कम पुरावा नाही आणि युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनेही 2023 च्या मार्गदर्शनात यातल्या अनेक सरसकट वापरू नयेत असं म्हटलं आहे. गर्भाशयाच्या टीबीचा प्रश्न मात्र आपल्याकडे खरा आहे, त्याने नळ्या बंद होतात. पण अस्तराची पीसीआर, म्हणजे जंतूंचा अंश शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली एवढ्यावरच सहा महिन्यांचं औषध सुरू करायला सांगितलं, तर 'आणखी कुठली खूण दिसते का' हे जरूर विचारा.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो थोडक्यात माहीत असू द्या. सहाय्यित जनन तंत्रज्ञान कायदा 2021 साली झाला. त्यानुसार आययूआय आणि आयव्हीएफ करणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी क्रमांक विचारा. स्त्रीसाठी 21 ते 50 आणि पुरुषासाठी 21 ते 55 अशी वयोमर्यादा आहे. समुपदेशन करणं आणि यशाची शक्यता, धोके, खर्च समजावणं हे केंद्राचं कर्तव्य आहे. लेखी संमतीशिवाय काही करता येत नाही आणि गर्भ आत सोडण्यापूर्वी संमती मागे घेता येते. 'मुलगाच देऊ' असं कुणी सुचवलं तर तो गुन्हा आहे, तिथून उठून या.

तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगते. येत्या आठवड्यात मिस्टरांची तपासणी. तुमची थायरॉइड आणि साखर, दोघांची थॅलेसेमियासाठी रक्ततपासणी. रुबेलाची लस झालेली नसेल तर ती घेऊन पुढचा एक महिना चान्स घ्यायचा नाही. फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, आजपासून. पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आत एचएसजी. पाळी नियमित असेल तर बीज बहुतेक फुटत असणार, एकदा सोनोग्राफीने खात्री करू. खर्चाची अडचण असेल तर या प्राथमिक तपासण्यांसाठी ससून, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम इथल्या स्त्रीरोग विभागात चौकशी करा. सगळं नॉर्मल आलं तर आणखी काही महिने नैसर्गिक प्रयत्न करणं हाही तुमच्या वयात एक मान्य मार्ग आहे, त्यानंतर गोळ्या आणि आययूआय, मग आयव्हीएफ. रिपोर्टमध्ये काही ठोस सापडलं तर हा क्रम बदलेल, आणि का बदलला ते तुम्हाला समजेल अशा मराठीत सांगणं हे तुमच्या डॉक्टरचं काम आहे. रिपोर्ट हातात आले की रिसेप्शनला फोन करून 'नुसतं बोलायला वेळ हवाय' असं सांगून अपॉइंटमेंट घ्या, शक्यतो दुपारच्या ओपीडीची, तेव्हा गर्दी कमी असते.